फर्दापूरचा प्रवासी आणि आपला माल

अजिंठ्याचीं लेणीं सन १९८३ पासून जागतिक वारशांत गणलीं जातात. तीं पाहण्यास फर्दापुरास उतरणाऱ्यांत बेताच्या पैशांत कुटुंब घेऊन आलेले लोकही पुष्कळ असतात. बार्बाडोससारख्या दूरच्या बेटावर अन्नाचा मोठा भाग जहाजानें येतो. तेथें प्रवाशास किराणा महाग पडल्यास नवल नाहीं. येथें तर शेत रस्त्यास लागून आहे. मग त्यानें परगांवचीं बंद पुडकीं कां विकत घ्यावीं?

कारण उघड आहे. आपण पोत्यानें विकतों. प्रवाशास पावकिलो हवें असतें. आमच्या मतें शेतकरी बंधूंनीं मिळून थांब्याजवळ एक दुकान मांडावें. केळीं, भाजलेल्या शेंगा, भाकरी व ठेचा ठेवावा. दर फळ्यावर लिहावेत. ते गांवकऱ्यास व परक्यास एकच असावेत. परका पाहून भाव चढविणारा एका दिवसाचा नफा मिळवितो व गांवाची पत घालवितो. सोमवारीं लेणीं बंद असतात. त्या दिवशीं नाशवंत माल बेतानें आणावा.

किरकोळ विक्रीस वेळ कोठून आणावा, असें कोणी म्हणेल. पाळीनें बसल्यास एकावर भार पडत नाहीं. दलालाच्या हातीं जाणारा पैसा घरीं राहील, हा लाभ लहान नव्हे.