लंडनच का? परदेशातल्या त्या एका वर्षाचा पत्ता कोण ठरवतो?



शिष्यवृत्तीची यादी लागली की दोन दिवसांत चौकात बॅनर लागतो. फोटो, निळी पार्श्वभूमी आणि खाली ठळक अक्षरात ‘लंडन’. आम्ही वस्तीतल्या मुलामुलींचे परदेशी शिक्षणाचे अर्ज भरून देतो, म्हणून सांगतो : दहातल्या आठ जणांना विद्यापीठ कुठले, विषय कुठला हे नंतर सुचते, लंडन आधी सुचते. का, असे विचारले तर उत्तर एकच. बाबासाहेब तिथे शिकले.

शिकले, हे खरेच. पण त्यांच्या नावावर आपण काय खपवतो, ते एकदा तपासून पाहिले पाहिजे.

बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोचले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. आधी हार्टले हॉल. तिथले जेवण जमेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब, जिथे भारतीय विद्यार्थी राहत. मग तेही सोडून लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना यांच्यासोबत. हे भथेना पुढे आयुष्यभराचे मित्र झाले आणि 1920 मध्ये लंडनला परत जाताना त्यांचेच पैसे कामी आले. म्हणजे राहण्याची जागा बाबासाहेबांनी काही महिन्यांत दोनदा बदलली आणि शेवटी निवडली ती अभ्यासाला आणि माणसाला धरून. शहराच्या नावाला धरून नाही. लंडनमधले 10, किंग हेन्रीज रोड हे घर आज स्मारक आहे. (महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते घेतले. तिथे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने 2018 मध्ये नकार दिला, शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. परवानगी 2020 मध्ये मिळाली. बाबासाहेबांच्या भिंतींनाही शेजार मिळायला वेळ लागतो!) त्या घराला जरूर भेट द्या. पण भेट द्यायला रेल्वेचे तिकीट पुरते, वर्षभराचे भाडे भरावे लागत नाही.

आता भाड्याकडे येऊ, कारण ‘फुल्ली फंडेड’ या शब्दाने आपली पोरे सर्वात जास्त फसतात. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता आहे वर्षाला 9,900 पौंड. भागिले बारा : महिना 825. आणि खुद्द ब्रिटिश सरकार विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याचा खर्च किती धरते? जानेवारी 2025 मध्ये लागू झालेला दर लंडनमध्ये महिना 1,483 पौंड, लंडनबाहेर 1,136 पौंड होता. हिशेब नऊ महिन्यांचा धरतात. त्या दराने लंडनचे नऊ महिने म्हणजे 13,347 पौंड. लंडनबाहेरचे 10,224. म्हणजे भारत सरकारचा वर्षभराचा भत्ता ब्रिटिश सरकारच्या लंडनबाहेरच्या नऊ महिन्यांनाही पुरत नाही. त्या दरानेही लंडनमध्ये राहणाऱ्याच्या खिशाला नऊ महिन्यांतच जवळपास साडेतीन हजार पौंडांची भोके पडतात. ही भोके बुजवायला बाप गावचा तुकडा गहाण टाकतो, नाहीतर पोरगा रात्रपाळी करतो आणि सकाळी ग्रंथालयात पेंगतो. संपूर्ण शिष्यवृत्ती म्हणायची आणि पोट अर्धे भरायचे, ही लबाडी सामाजिक न्यायाच्या नावाखाली चालते. तिचा जाब मंत्रालयाला विचारलाच पाहिजे. पण जाब मिळेपर्यंत पोटाला काय? तोवर शहर तरी शहाणपणाने निवडा.

पैसे कमी पडले की पुढचे दार उघडते, आणि आमचा खरा आक्षेप त्या दारावर आहे. खासगी घरमालक ब्रिटनमधला हमीदार मागतो. आपल्याकडे तो कुठून असणार? मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आपल्या माणसांचा’ फ्लॅट सापडतो. चार भारतीय, एक खोली रिकामी, भाडे वाटून. खाली एक ओळ : फक्त शुद्ध शाकाहारी. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा, मूळचे कुठले. तिसऱ्या प्रश्नाची गरज पडत नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाने आडनाव गाळून गावाचे नाव लावले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला नाही आणि 14 एप्रिलला पोट दुखत असल्याचे सांगून बाहेर पडला. सात हजार किलोमीटर जाऊन हेच करायचे होते, तर पुण्यातली सदाशिव पेठ काय वाईट होती?

काही शहाणे म्हणतील, एक वर्षाचाच तर प्रश्न आहे, दडवून काढा, डिग्री घ्या, परत या. या शहाण्यांनी बाबासाहेबांचा बडोद्यातला 1917 चा अनुभव वाचावा. कोलंबियातून शिकून आलेला माणूस पारशी धर्मशाळेत खोटे पारशी नाव घेऊन राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे होते. त्यांनी हे नंतर स्वतः लिहून ठेवले. न्यूयॉर्कमध्ये एका पारशी मित्रासोबत उघडपणे राहता येते आणि बडोद्यात पारशी बनूनही राहता येत नाही, हा फरक नीट समजून घ्या. दडवल्याने घर मिळते ते दिवस मोजून.

मग कुठे राहायचे? आमचे मत स्पष्ट आहे. पहिले सहा महिने विद्यापीठाचेच वसतिगृह, महाग वाटले तरी. तिथे खोलीचा करार विद्यापीठाशी असतो, कुणा देसाई-कुलकर्ण्यांच्या मर्जीशी नाही. तक्रार करायला एक दार असते.

त्या दारामागे काय आहे, तेही अर्ज करण्याआधी पाहा. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने 2022 मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात घातली. सिअॅटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये कायदाच केला. कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. आणि ब्रिटन? 2013 मध्ये संसदेने सांगितले की समता कायद्यात जात आणा. पाच वर्षे टोलवून 2018 मध्ये सरकार म्हणाले, गरज नाही, न्यायालयीन निवाडे पुरेसे आहेत. तो निवाडा मिळवायला परमिला तिर्की या आदिवासी घरकामगार बाईला लढावे लागले होते. म्हणजे ज्या लंडनचे बॅनर आपण लावतो, तिथे जातीविरुद्धचा कायदा आजही अर्धवट आहे, आणि तो अर्धवट राहावा म्हणून तिथल्या सवर्ण संघटनांनी जीव तोडून खटपट केली. ब्रिटनला जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. विद्यापीठाला ईमेल करून लेखी विचारा : तुमच्या धोरणात जात आहे का? उत्तर आले नाही, तर तेही उत्तरच.

ब्रिटनच हवे असेल तर आम्ही बर्मिंगहॅम सुचवू. विद्यापीठ नामांकित, शिष्यवृत्तीच्या क्रमवारीच्या अटीत बसणारे, खर्च लंडनपेक्षा कमी. आणि रेल्वेने वीसएक मिनिटांवर वुल्व्हरहॅम्प्टन, जिथे पंजाबातून आलेल्या आंबेडकरी कामगारांनी बुद्धविहार उभा केला. हे लोक स्कॉलरशिपवर नाही, कारखान्यात राबायला गेले होते. तिथल्या आजीआजोबांशी पंजाबी-हिंदीत मोडकेतोडके बोललात, तरी कुठल्या फ्लॅटात मिळणार नाही अशी ओळख मिळेल. पण तिथेच मुक्काम टाकू नका. रविवारी विहार, सहा दिवस विद्यापीठ. आपल्याच वर्तुळात वर्ष काढून परतणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांना नवा नवल भथेना भेटत नाही.

आणखी एक अट ध्यानात ठेवा. 2022 च्या नियमांनी राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे संशोधनविषय वगळले. म्हणजे जातीवर अभ्यास करायला सरकार पैसे देणार नाही. समाजशास्त्राच्या मुलांनो, तुमचा विषय या चाळणीतून जातो का, हे शहर ठरवण्याआधी बघा. नसेल जात तर चेव्हनिंगसारख्या दुसऱ्या शिष्यवृत्त्यांचा अर्ज भरा. चेव्हनिंगमध्ये लंडन आणि लंडनबाहेरचा भत्ता निदान वेगळा धरतात.

वसतिगृहाचे अर्ज बहुतेक विद्यापीठांत उन्हाळ्यातच बंद होतात आणि आपल्याकडच्या याद्या त्यानंतर लागतात. म्हणून यादीची वाट पाहू नका, प्रवेशपत्र हातात आले की त्याच आठवड्यात खोलीसाठी अर्ज करा. बॅनर नंतर लावू.