बाद करा, पण उजेडात

ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत पुस्तके बाद करण्याचा विषय निघाला की सभा हटकून तापते. कार्यवाह दबक्या आवाजात ठराव वाचतात, तोच एखादे ज्येष्ठ सभासद उठून विचारतात, "ग्रंथालय पुस्तके जपायला काढलंय की रद्दीत घालायला?" टाळ्या पडतात, अध्यक्ष विषय पुढच्या सभेवर ढकलतात आणि आणखी एक वर्ष निघून जाते. त्या सभासदांची पुस्तकांवरची माया खरी असते, याबद्दल मला शंका नाही. पण त्या मायेने जेवढी पुस्तके तारली, त्याहून कितीतरी अधिक कुजवली, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तके बाद करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे. ते त्याने उघडपणे, कारण लिहून, सभासदांच्या डोळ्यांदेखत केले पाहिजे. आणि आपल्या हातात आहे ती शेवटची प्रत तर नव्हे ना, याची खात्री केल्याशिवाय एकही पुस्तक दाराबाहेर जाता कामा नये. यातली एक गोष्ट धरून दुसरी सोडली तर दोन्हीकडून नुकसानच आहे.

पहिला आक्षेप श्रद्धेचा. पुस्तक म्हणजे सरस्वती, ते टाकणे पाप. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारा आपला समाज आहे, म्हणून हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. मात्र न टाकलेल्या पुस्तकांचे पुढे काय होते, ते पाहायला आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा माळ्यावर किंवा जिन्याखालच्या खोलीत जावे. तिथे पोती असतात. भिंतीला टेकलेल्या पोत्यावर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढलेल्या असतात. वरचे पुस्तक उचलावे तर पुठ्ठा शाबूत, कापडी पाठीवरचे नाव वाचता येते, आणि आत पानांच्या जागी माती. त्याच्या खालची पुस्तके चार पावसाळ्यांच्या ओलीने एकमेकांना चिकटलेली. ती सुटी करायला गेले की दोन्हींची पाने फाटतात. हे पुस्तक कोणीही "टाकलेले" नाही. नोंदवहीत ते आजही हजर आहे. मग एखाद्या वर्षी अभ्यासिकेला जागा हवी होते, सुट्टीच्या दिवशी टेम्पो बोलावला जातो आणि सगळी पोती किलोच्या भावाने जातात. यादी नाही, निवड नाही, ठराव नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ग्रंथालयाचा गोल शिक्का, दाखल क्रमांक आणि परतीच्या तारखांची चिठ्ठी तशीच्या तशी असलेली पुस्तके मी कितीदा तरी हातात घेतली आहेत. "बाद" असा शिक्का त्यांतल्या फारच थोड्यांवर होता. उघड दाराने पुस्तक बाहेर जाऊ दिले नाही की ते मागच्या दाराने जाते, आणि मागच्या दाराला चांगले-वाईट कळत नाही.

दुसरा अडसर भीतीचा आहे. दाखल नोंदवहीत चढलेले प्रत्येक पुस्तक म्हणजे ग्रंथपालाच्या नावावरची मालमत्ता. ते कमी भरले तर जाब त्याला. हरवलेल्या पुस्तकाची किंमत ग्रंथपालाकडून भरून घेण्याची चाल आपल्याकडे वर्षानुवर्षे होती आणि तिचा धाक अजून गेलेला नाही. वास्तविक केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, 2017 पाहिले तर त्यांत वर्षाकाठी देवघेव झालेल्या किंवा संदर्भासाठी हाताळलेल्या दर 1000 ग्रंथांमागे 5 ग्रंथ गहाळ होणे वाजवी धरले आहे. अट एवढीच की त्यामागे लबाडी किंवा हयगय नसावी. 1000 रुपयांहून जास्त किमतीचे पुस्तक आणि कोणत्याही किमतीचे दुर्मीळ पुस्तक गेले तर मात्र चौकशी करायची. हे नियम गावातल्या वाचनालयाला थेट लागू नाहीत. पण पुस्तक वापरले की झिजणार, हरवणार, हे सरकारी हिशेबनीसाला कळते ते आपल्या कार्यकारी मंडळांना का कळू नये? दहा हजार पुस्तके जशीच्या तशी जागेवर असणे ही ज्या ग्रंथालयाची शेखी आहे, तिथे वाचतो कोण?

भीतीहून घट्ट गाठ अनुदानाची आहे, आणि इथे दोष ग्रंथपालाचा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला, त्यापाठोपाठ 1970 चे अनुदानाचे नियम आले. या व्यवस्थेने खेड्यापाड्यांत वाचनालये उभी केली, तिचे ऋण मोठे आहे. पण अ, ब, क, ड हा दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या हा एक निकष असतो, आणि दर्जावर अनुदान. मग वाळवीने खाल्लेले पुस्तकही मोजणीत जिवंत राहते, कारण ते मेले असे लिहिले तर दर्जा घसरण्याची धास्ती. दुसरीकडे मार्चअखेर आली की अनुदानातला पुस्तकखरेदीचा वाटा खर्ची टाकायची घाई होते. अशा घाईत सवलत जास्त देणाऱ्या पुरवठादाराचे गठ्ठे येतात. त्यांतली कित्येक पुस्तके कोणीही मागितलेली नसतात आणि पुढे कोणी मागतही नाही. ज्या दिवशी पुस्तक दाखल झाले त्याच दिवशी ते नकोसे होते. अशी पुस्तके कोरी, सरळ कण्याची, कपाटात दिमाखाने उभी असतात, आणि त्यांच्यामुळे नव्याला जागा उरत नाही.

खराब पुस्तक आणि नकोसे पुस्तक यांची गल्लत हा या सगळ्या वादातला मुख्य घोटाळा आहे. बाद करायची पुस्तके काढा म्हटले की कर्मचारी फाटकी पुस्तके बाजूला काढतात. ती फाटली कशाने? वाचून! 'श्यामची आई', 'स्वामी', 'मृत्युंजय' यांच्या प्रती ग्रंथालयात नेहमी खिळखिळ्या दिसतात, कारण त्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असतात. त्या पुस्तकाची प्रत बाद करायची ती नवी प्रत आणण्यासाठी. पुस्तक बाद करायचे नाही. उलट देखणे, न मळलेले पुस्तक बेधडक काढावे लागते. भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम 302 होते, ते आता 103 झाले. फसवणुकीचे 420 होते, ते 318 मध्ये गेले. अभ्यासिकेत पोलीस भरतीची किंवा लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या मुलीच्या हातात आपण जुने मार्गदर्शक दिले तर तिचे गुण जातात, आणि ती पुस्तके विकत घेऊ शकत नाही म्हणूनच आपल्याकडे आलेली असते. पालघर जिल्हा 2014 साली झाला. त्याआधीची सामान्यज्ञानाची पुस्तके अजून 35 जिल्हे शिकवत कपाटात आहेत. जुन्या कायद्याची एक चांगली प्रत संदर्भ विभागात ठेवावी, कारण आधी घडलेल्या गुन्ह्यांना तोच कायदा लागतो. बाकीच्या दहा प्रती ठेवणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे स्वतःला आधुनिक म्हणवतात. त्यांचे म्हणणे सोपे आहे: पाच वर्षांत एकदाही देवघेव झाली नाही ते पुस्तक काढा, आणि जे इंटरनेटवर आहे ते ठेवण्याचे कारणच नाही. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पंचसूत्रीचा दाखला ते देतात: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, वापर नाही तर काय करायचे? पण त्याच पंचसूत्रीत प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असेही एक सूत्र आहे, ते सोयीस्कर विसरले जाते. एखाद्या तालुक्याच्या साहित्य संमेलनाची स्मरणिका, गावच्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेला गावाचा इतिहास, जिल्हा छापखान्यात निघालेले लोकगीतांचे पुस्तक, बंद पडलेल्या मासिकाचे सात-आठ अंक, यांना पाच वर्षे वाचक मिळत नाही. सहाव्या वर्षी एक संशोधक येतो आणि त्याला ते दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

असे का होते, याचे उत्तर छापण्याच्या इतिहासात आहे. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या असतात. मोठे प्रकाशक देतात. गावातून एकच पुस्तक काढणाऱ्या माणसाला तो कायदा ठाऊकही नसतो. शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'साठी 1800 पासूनची मराठी पुस्तके ठिकठिकाणी शोधून नोंदवली. पहिला खंड 1943 मध्ये आला. त्या सूचीत नाव आहे पण प्रत मिळत नाही, अशी वेळ अभ्यासकांवर येतेच. त्यातही जे गमावले ते समान वाटणीने गमावले नाही. सत्यशोधकांचे पत्र 'दीनबंधु' 1877 साली सुरू झाले. सत्यशोधक परंपरेतल्या नियतकालिकांचे सलग अंक आज मिळणे दुरापास्त आहे. नगरवाचनालयांचे त्या काळचे वर्गणीदार ज्यांना वाचण्याजोगे मानत नव्हते, ते सांभाळले गेले नाही. देवघेवीचा आकडा हाच एक निकष धरला तर आपण तीच निवड पुन्हा करू.

"स्कॅन केले आहे ना" या युक्तिवादाचा अमेरिकेने मोठा अनुभव घेतला आहे. तिथल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे मायक्रोफिल्म केले आणि मूळ खंड काढून टाकले. निकल्सन बेकर यांनी 2001 साली 'डबल फोल्ड' या पुस्तकात हा प्रकार चव्हाट्यावर मांडला. पानाचा कोपरा पुढे-मागे दुमडून तो तुटतो का ते पाहायचे, तुटला की कागद मेला असे ठरवायचे, या चाचणीवरून पुस्तकाचे नाव आले. पान कोणी कोपरे दुमडत वाचत नाही, ते उलटत वाचतो, ही त्यांची साधी तक्रार होती. आपल्याकडे राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले, ते मोलाचे काम आहे. पण एखादे पान तिरके आले, एखादे सुटले, तर जुळवून पाहायला कागदाची प्रत लागतेच.

आणि कागदाची प्रत वाचवता येते, हे आपण फार लवकर विसरतो. चिपळूणच्या 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 च्या आणि पुन्हा 2021 च्या महापुराचे पाणी शिरले. कोकणातच नव्हे, कृष्णा-पंचगंगेच्या काठीही हे आता वरचेवर घडणार आहे. भिजलेल्या पुस्तकाला दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्याआधी ते गोठवले तर बुरशी थांबते आणि मग सवडीने वाळवता येते. उन्हात पसरली की पाने वेडीवाकडी होतात, आणि गुळगुळीत आर्ट पेपरचे पुस्तक ओले असतानाच पान न् पान सोडवले नाही तर कायमचे चिकटते. मासळीच्या बर्फाच्या शीतगृहाशी आधी बोलून ठेवणे कोकणातल्या ग्रंथालयाला अवघड नाही. पूर ओसरल्यावर मात्र सगळा ढीग चिखलासकट एकाच ट्रॉलीत भरला जातो, कारण कोणती पन्नास पुस्तके आधी उचलायची याची यादी कोणाकडे नसते.

रोजच्या डागडुजीचीही तीच कथा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावतात. काही वर्षांत पट्टी सुटते आणि तिचा तेलकट तपकिरी डाग अक्षरांवर कायम राहतो. जुने बांधणीवाले गव्हाच्या खळीत मोरचूद घालून पातळ कागदाची पट्टी लावत, जुज सुटे करून पुन्हा शिवत. आता घाईने पाठीकडून टोचे मारून दोरा ओढतात, कडा कापतात, आणि पुस्तक पुरते उघडेनासे होते. ते उघडत नाही म्हणून कोणी नेत नाही, नेत नाही म्हणून पुढच्या वेळी बाद होते.

देणगीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यातच: घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पश्चात आलेली कपाटे नाकारायला जमत नसेल तर निवडीचा हक्क ग्रंथालयाचा, असे देणगीपत्रावर लिहून घ्यावे. आणि आपल्याला नकोशी झालेली पुस्तके आश्रमशाळेत पाठवून दानाचे पुण्य घेऊ नये. चुकीचे पुस्तक तिथल्या मुलालाही चुकीचेच शिकवते.

बाद करण्याची रीत अवघड नाही. वर्षातून एकदा कपाट न् कपाट पाहावे. प्रत्येक पुस्तकासमोर कारण लिहावे: माहिती कालबाह्य, जादा प्रत, दुरुस्तीपलीकडे खराब. यादी महिनाभर फलकावर लावावी, हरकती घ्याव्यात, मग ठराव क्रमांक आणि तारीख दाखल नोंदवहीत लाल शाईने लिहून पुस्तकावर "बाद" शिक्का मारावा. आधी सभासदांना विक्री, मग उरलेली रद्दी, आणि आलेले पैसे बांधणीच्या खात्यात. जे पुस्तक जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात नाही ते मुळीच काढायचे नाही. ठेवायला जागा नसेल तर विभागीय ग्रंथालयाने ते मागून घ्यावे. त्यासाठी जिल्ह्यातल्या ग्रंथालयांच्या याद्या एकत्र पाहता आल्या पाहिजेत, आणि ते काम ग्रंथालय संचालनालयाखेरीज दुसरे कोणी करू शकणार नाही. दर्जासाठी ग्रंथ मोजताना वाचता येण्याजोगे ग्रंथ मोजावेत, आणि रीतसर बाद केलेल्या पुस्तकांमुळे घटलेल्या संख्येसाठी कोणत्याही ग्रंथालयाचा दर्जा निदान तीन वर्षे उतरवू नये, असा नियम संचालनालयाने करावा.