सासूबाईंची लूना

मागच्या रविवारी दारावर भंगारवाला आला आणि घरात वादाला तोंड फुटलं. जिन्याखाली सासूबाईंची लूना उभी आहे, १९८२ सालची. "उगीच जागा अडते, देऊन टाकू," आमचे हे म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या, एवढंच.

मला काही राहवेना. बेलवलीहून शाळेत त्या याच गाडीवर जात. पाचवारी साडी, हँडलला वह्यांची पिशवी. बाई गाडी चालवते म्हणून लोक वळून बघत. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ही ५० सीसीची गाडी १९७२ मध्ये काढली, इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ'वरून. तिच्यावर टांग टाकून चढावं लागत नाही, किक मारावी लागत नाही. पायडल मारलं की सुरू. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी रेटत घर गाठायचं. दम लागायचा तो लागायचाच!

पायडल म्हणजे काटकसरीची युक्ती, असं मला वाटे. पण शाळेतल्या मुलांसाठी माहिती जमवताना कळलं, की सुरुवातीच्या कितीतरी मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. चढ आला की स्वार पायडल मारी. त्याही आधी, १८८५ मध्ये, जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी केलेली गाडी तर चक्क लाकडी, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं. आपण मुलांच्या सायकलीला लावतो तश्शी. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी गाडी काढली. तिचं मागचं चाक आगगाडीच्या वाफेच्या इंजिनासारखं दांड्यांनी फिरे, आणि इंजिन थंड ठेवायचं पाणी मागच्या मडगार्डात! क्लच नव्हताच. १९२१ च्या मेगोलाचं पाच सिलिंडरचं इंजिन पुढच्या चाकातच होतं. तिलाही क्लच नाही, म्हणजे गाडी थांबली की इंजिन बंद. स्टेशनबाहेरच्या गर्दीत ही गाडी नेऊन बघा म्हणावं!

मला आवडली ती अमेरिकेची १९१५ ची ऑटोपेड. उभ्यानेच चालवायची. दांडा पुढे लोटला की गाडी पळे, मागे ओढला की ब्रेक. लंडनच्या लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन यांना ती नवऱ्याने वाढदिवसाला दिली. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणारी ही बाई. १९१६ मधला तिचा फोटो आहे, लांब कोट, डोक्यावर हॅट, ऑटोपेडवर उभी. कामावर ती याच गाडीने जाई.

१९४६ ची व्हेस्पा काढणारे दास्कानिओ मूळचे विमानांचे इंजिनियर. त्यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. म्हणून इंजिन झाकलेलं, पाय ठेवायला सपाट जागा, कपड्यांना तेलाचा डाग नाही. तीच व्हेस्पा बजाजने १९६० च्या दशकात आकुर्डीला बनवली, आणि १९७२ मध्ये चेतक आली. साडीला इतकी सोयीची गाडी, पण आपल्या वाट्याला आली बहुधा मागची सीट, एका बाजूला पाय सोडून. सासूबाईंची लूना मात्र त्यांची होती.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर दोन गोष्टी सांगते. भंगारात देण्याआधी आरटीओतून नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर गाडी गेली तरी कागदोपत्री मालक आपणच. आणि ठेवायची असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो.

जेवताना मी यांना म्हटलं, "अहो, २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांच्या जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. आपली २०३२ मध्ये पन्नाशीची होईल."

हे गप्प जेवत राहिले. सासूबाईच म्हणाल्या, "तोवर पायडलला तेल घाल गं."

भंगारवाल्याला आम्ही रद्दी आणि दोन गळके डबे दिले.