टीव्ही बसला, तास कुठाय?

शाळा 'डिजिटल' झाली म्हणजे नक्की काय झालं? लोकवर्गणीतून टीव्ही आला, फीत कापली, फोटो निघाला. असे फोटो माझ्याकडे बातमीसाठी कायम येतात. त्या टीव्हीवर पुढं काय शिकवलं, हे सांगायला मात्र कुणी फोन करत नाही.

साधनं नाहीत, हे रडगाणं आता बंद करा. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक आहेत. २०१७ पासून 'दीक्षा' आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. सगळं फुकट!

मग अडतंय कुठं? वेळापत्रकात. या सगळ्यासाठी आठवड्यात एकही तास नाही. पुस्तकातला धडा बाजूला ठेवून दुसरं काही शिकवलं, तर 'अभ्यासक्रम मागे का?' अशी विचारणा होते. थोडक्यात, ग्रंथालय उघडून दिलं आणि आत जायला वेळच ठेवला नाही.

एक उदाहरण देतो. संगमनेरच्या मुलांना नदी शिकवायची आहे. नगर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटिअर नेटवर आहे. इंग्रजीत आहे, पण गुरुजी दोन परिच्छेद मराठीत सांगतील की! तेव्हा भंडारदरा धरण नव्हतं, ते पूर्ण झालं १९२६ साली. धरणाआधीची प्रवरा कशी होती आणि आज आवर्तन कधी सुटतं, हे मुलांनी घरी आजोबांना विचारावं, वर्गात मांडावं. यात भूगोल आला, इतिहास आला, भाषाही आली. कोकणातल्या शाळेने हाच धडा खाडीवर घ्यावा. लवचीक अभ्यासक्रम म्हणतात तो हाच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आशयाचं ओझं कमी करा, शिकवण्याच्या पद्धतीत शिक्षकांना मोकळीक द्या, असंच लिहिलंय. कागदावर!

'खेड्यात नेट नाही हो.' मान्य. एकदा तालुक्याला डाउनलोड करा, पेन ड्राइव्हवर शाळेत न्या. 'शिक्षकांना जमत नाही.' अहो, दिवसभर मोबाइलवर तुमच्या माहितीच्या लिंका कोण भरतं? जमतं त्यांना सगळं. मोकळीक द्यायची तुमची तयारी नाहीये, एवढंच.

मागण्या साध्या आहेत. आठवड्याला दोन तास वेळापत्रकात राखून ठेवा. काही धड्यांच्या जागी स्थानिक साहित्य घ्यायचा अधिकार शिक्षकाला द्या. आणि त्या कामाला मूल्यमापनात गुण द्या, कारण गुण नसलेल्या गोष्टीला आपल्याकडे कुणी विचारत नाही.

पालकांनो, कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा तुमच्या आहेत. पुढच्या बैठकीत टीव्ही किती इंची आहे ते विचारू नका. त्यावर गेल्या महिन्यात कोणता धडा झाला, ते विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि इथं कमेंटमध्ये मलाही कळवा. बातमी मी करतो.