दुसऱ्या पारड्यात काय?
१९२३ साली दिल्लीच्या विशेष काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष मौलाना आझादांनी श्रोत्यांपुढे कुतुबमिनार उभा केला. देवदूताने त्यावरून चोवीस तासांत स्वराज्य देऊ केले, पण मोबदल्यात हिंदु-मुस्लिम ऐक्य मागितले, तर आपण स्वराज्य नाकारू, असे ते म्हणाले. स्वराज्य लांबले तर हानी हिंदुस्थानची. ऐक्य गेले तर मानवजातीची.

असहकार थांबला होता, दंगे पेटत होते. ऐक्य हे स्वराज्याचे साधन, एवढेच सांगणे सोपे होते. (साधन काम झाल्यावर टाकूनही देता येते!) आझादांनी सभेला सर्वांत प्रिय असलेली वस्तूच तराजूत घातली. त्या भाषणाचे सारे बळ इथे आहे. निवडणुकीच्या व्यासपीठावर ऐक्याचे गोडवे गाणारे आजचे पुढारी त्यासाठी काय सोडायला तयार आहेत? एखादा मतदारसंघ तरी?