घाव पाहून चिलखत

कोयते नाचवत गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडला आता नव्या राहिलेल्या नाहीत. त्या वाचून डांगे चौकातल्या टपरीवर चहाबरोबर एक मत हटकून ऐकू येतं: दिवस वाईट आलेत, परवडत असेल तर साध्या माणसानंसुद्धा एक बुलेटप्रूफ जाकीट घेऊन ठेवावं. हे सांगणारे बहुतेक जण दुचाकीवरून उघड्या डोक्यानं आलेले असतात आणि तसेच परत जातात. अंगाचं रक्षण करावं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण त्यांनी शत्रू भलताच धरला आहे.

चिलखत कसं निवडावं, हे मराठी माणसाला बाहेरच्या कुणी शिकवायला नको. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं आणि डोक्याला पोलादी टोपाचं संरक्षण होतं. भेट मिठीची, शत्रू धिप्पाड, वार झालाच तर हातभरावरून होणार, हे सगळं आधी ताडून केलेली ती निवड होती. लढाईचा अवजड लोखंडी पोशाख चढवला असता तर हालचाल अडली असती आणि खानाला संशयही आला असता. घाव कशाचा येणार, कुठून येणार आणि येण्याचा संभव किती, हे आधी ठरवायचं, चिलखत त्यानंतर.

ही कसोटी बुलेटप्रूफ जाकिटाला लावून पाहू. गोळी अडवणारं मऊ जाकीट केवलारसारख्या धाग्यांच्या थरांवर चालतं. हा धागा १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे आला. गोळी थरांवर आदळते, चपटी होते आणि तिचा जोर आजूबाजूच्या धाग्यांत पसरतो. सुऱ्याचं टोक मात्र विणीतून वाट काढू शकतं. म्हणून अमेरिकेत सुऱ्यापासून वाचवणाऱ्या जाकिटांचं मानकच वेगळं आहे. आपल्याकडे बुलेटप्रूफ जाकिटांसाठी आयएस १७०५१ हे २०१८ चं मानक आहे. त्यात धोक्याच्या पातळ्या ठरवलेल्या आहेत आणि पिस्तुलाच्या गोळीपुरतं जाकीट रायफलीपुढे टिकत नाही. वरच्या पातळीला कडक पत्रे घालावे लागतात, म्हणजे अंगावर काही किलोंचं ओझं आलं. शिवाय जाकीट झाकतं ते छाती-पोट. कोयत्याचा वार डोक्यावर, मानेवर नाहीतर आडव्या धरलेल्या हातावर आला, तर ते काय कामाचं? पोलिसाला, जवानाला त्याची गरज आहे, कारण त्याचा शत्रू ठरलेला आहे. थेरगावातून रोज चाकणला किंवा हिंजवडीला कामावर जाणाऱ्या माणसाचा शत्रू तो नाही.

त्याचा शत्रू डांबर आहे. डंपरचं मागचं चाक आहे, मोशीच्या पुढे मध्येच वळणारा कंटेनर आहे, पावसाच्या पाण्याखाली दडलेला खड्डा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या ५० हजार २९, आणि त्यांपैकी १४ हजार ३३७ मागे बसलेले होते. हेल्मेट असतं तर हे सगळेच वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण २००८ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. सामान्य माणसाचं चिलखत म्हणायचं तर ते हे.

इथे आपल्याकडचा जुना विरोधी पक्ष उभा राहतो. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू होताच विरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली, मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्यावरही कारवाईचा आदेश निघाला, तेव्हा तेच मुद्दे पुन्हा बाहेर आले. त्यांना टाळून पुढे जाणं बरं नाही.

पहिला मुद्दा मानेचा: हेल्मेटच्या वजनानं मणका दुखावतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ४० हजारांहून अधिक अपघातग्रस्त दुचाकीस्वारांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये उत्तर दिलं. हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याची इजा होण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी आढळली.

दुसरा मुद्दा: शहरात वेगच नसतो, मग हेल्मेट कशाला? ताशी ४० किलोमीटर वेगानं खांबावर डोकं आपटणं म्हणजे ६ मीटरहून अधिक उंचीवरून, दुसऱ्या मजल्यावरून, डोक्यावर पडणं. ताशी ४० हा वेग औंध-रावेत रस्त्यावर सकाळी सातला कुणीही गाठतो. वेगही लागत नाही. सिग्नलला उभी असलेली गाडी कलंडली, तरी माणसाचं डोकं चार-साडेचार फुटांवरून रस्त्यावर येतं, आणि कवटीला तेवढं पुरतं.

तिसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे: आधी रस्ते नीट करा, मग आमच्या डोक्याकडे बघा. यातला पहिला अर्धा भाग शंभर नंबरी खरा आहे. खड्ड्यांबद्दल महापालिकेला धारेवर धरायलाच हवं. सक्तीच्या नावाखाली कोपऱ्यात दबा धरून फक्त पावत्या फाडणं हेही चूक. पण रस्ता खराब आहे म्हणून डोकं उघडं ठेवायचं, हे कुठलं तर्कशास्त्र? खड्डा असेल तर हेल्मेटची गरज वाढते. पालिकेवरचा राग आपल्याच कवटीवर काढण्यानं पालिकेचं काही बिघडत नाही.

घामाचा आणि केसांचा मुद्दा खरा आहे आणि किरकोळही आहे. आतून सुती रुमाल बांधला की तो बराचसा मिटतो.

या सगळ्या आक्षेपांतला पोकळपणा आपल्याच पट्ट्यात रोज दिसतो. चाकणच्या कारखान्यात कामगार सुरक्षा बूट, गॉगल, टोपी घातल्याशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकत नाही. तिथे त्याला घाम येत नाही का? मान दुखत नाही का? शिफ्ट सुटली, गेटबाहेर आला, की तोच माणूस बोडक्यानं नाशिक महामार्गाला लागतो. काही जण तर पोलीसमामाला दाखवायला कारखान्याचीच पिवळी टोपी डोक्यावर ठेवतात. ती टोपी वरून पडणारी वस्तू झेलण्यासाठी बनवलेली असते. रस्त्यावर फेकलं गेलेलं डोकं ती वाचवत नाही, बऱ्याचदा आधी तीच उडून जाते.

क्रिकेटचंही तसंच. आमच्या थेरगावात दिलीप वेंगसरकर यांची अकादमी आहे, ऋतुराज गायकवाड तिथेच घडला. आज गावातलं दहा वर्षांचं पोरही पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट घातल्याशिवाय सीझन बॉलसमोर उभं राहत नाही. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसून नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कसोटी कारकीर्द संपली. त्या पिढीकडे हेल्मेट नव्हतं. २०१४ मध्ये फिल ह्यूज हेल्मेट असूनही मानेवर चेंडू लागून गेला. तेव्हा हेल्मेट निरुपयोगी ठरलं म्हणून कुणी ते फेकून दिलं नाही. मागे मान झाकणारा गार्ड जोडला. आपण मात्र त्याच पोराला सरावानंतर स्कूटरवर डबलसीट बसवून उघड्या डोक्यानं घरी आणतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतो.

आता निवडीचं. रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली स्वस्त हेल्मेटं पावती वाचवतात, डोकं वाचवतीलच असं नाही. हेल्मेटचं खरं काम बाहेरच्या चकचकीत कवचाइतकंच आतल्या थर्माकोलसारख्या जाड थरावर अवलंबून असतं. तो थर दबून धक्का खातो आणि दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजावं. आत नुसता स्पंज असेल, तर ती टोपी आहे.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक लक्षात ठेवा. चिन्हही खोटं छापता येतं, म्हणून त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. दुकानातच दोन मिनिटांत होतं. कानाच्या वरच संपणारं अर्धं हेल्मेट घेऊ नका, जबडा आणि हनुवटीही आपलीच असते. माप गालांना घट्ट बसणारं हवं. पट्टा लावून मागून पुढे ओढल्यावर हेल्मेट निघत असेल, तर ते ठेवून द्या. रात्रपाळी करणाऱ्यानं काळी काच घेऊ नये.

पैसे उरले तर कोपर-गुडघ्यांना पॅड असलेलं रायडिंग जाकीट आणि हातमोजे घ्यावेत. युरोपात अशा कपड्यांना ‘सी’पासून ‘एएए’पर्यंत दर्जे आहेत, रोजच्या ये-जा करणाऱ्याला ‘ए’ किंवा ‘एए’ पुष्कळ झालं. तेही जमत नसेल, तर जाड जीन्स, पूर्ण बाह्या आणि कंपनीनं दिलेले सुरक्षा बूट. चपलेत गाडी चालवणं तेवढं आजपासून बंद करावं.

सक्तीला विरोध करणाऱ्यांनी तो खुशाल करावा. निवेदन द्यावं, न्यायालयात जावं, खड्ड्यांचे फोटो आयुक्तांच्या टेबलावर ठेवावेत. फक्त तिथवर जाताना हेल्मेट घालावं, पट्टा लावावा, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं घेतल्याशिवाय गाडी सुरू करू नये. बुलेटप्रूफ जाकिटासाठी बाजूला काढलेल्या पैशांत अख्ख्या घराची हेल्मेटं येतात.