कासवासाठी ऊन विकत घेताना

‘तुमच्या कासवाला ऊन मिळतं का?’ असं विचारलं की बहुतेक घरांत खिडकीकडे बोट दाखवलं जातं. काचेची टाकी खिडकीशी ठेवलेली असते, सकाळी तासदोन तास तिच्यावर छान पिवळं ऊन पडतं आणि कासव मान लांब करून निवांत बसलेलं असतं. सगळं ठीक दिसतं. पण खिडकीची काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते आणि अतिनील किरणांतला जो भाग कासवाला हवा असतो, म्हणजे यूव्हीबी, तो जवळजवळ सगळा बाहेरच अडवते. टाकीवरचं काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकणही तेच करतं. ऊन अंगावर पडलेलं दिसतं, पण हाडांना त्याचा उपयोग होत नाही.

दिव्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. तुमच्या कासवाच्या काळसर पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी आहे का? असेल तर ते बहुधा आपल्याकडचं चांदणी कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ते कुणी ‘घरात शुभ असतं’ म्हणून भेट दिलेलं का असेना. २०१९पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. त्याच्यासाठी दिवा घेऊ नका, वन विभागाला कळवा. जवळच्या माळावर किंवा तळ्यात मात्र सोडून देऊ नका. चांदणी कासव जमिनीवरचं आहे, पाण्यात ते बुडतं.

आपल्या शहरांत जमिनीवरचं पाळीव कासव म्हणून आता दिसतं ते मुख्यतः आफ्रिकेतलं सुलकाटा. सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या, रखरखीत पट्ट्यातला हा प्राणी. तळहातावर मावणारं पिल्लू पुढे ४०-५० किलोंचं होतं आणि माणसाएवढं जगतं, हे विकणारा सहसा सांगत नाही. २०२४च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तीही अनेकांनी केलेली नसते. इथून पुढचं सगळं या सुलकाटाबद्दल आहे.

दुकानात गेलात की ‘कासवाचा बल्ब द्या’ असं म्हणू नका. तसा एक बल्ब नसतो. कासवाला उन्हातून तीन गोष्टी मिळतात: उजेड, ऊब आणि यूव्हीबी. दिवसरात्र कळायला उजेड लागतो. कासव थंड रक्ताचं, त्यामुळे खाल्लेलं पचवायला बाहेरून ऊब लागते. गारठलेल्या कासवाच्या पोटात चारा नुसता पडून राहतो. आणि यूव्हीबी कातडीवर पडलं की ड-३ जीवनसत्त्वाची पहिली पायरी तयार होते. ती पुढच्या रूपात जायला पुन्हा ऊबच लागते. म्हणून यूव्हीबीचा दिवा टाकीच्या एका टोकाला आणि उबेचा दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी दिसायला छान असली तरी कामाची नाही. दोन्ही शेजारी शेजारी हवेत, एकाच जागी वरून पडणारे, सूर्यासारखे.

ड-३ नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम अंगात मुरत नाही. मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढून घेऊ लागतं. हे आठवड्याभरात दिसत नाही, महिने जातात. पिल्लू खात असतं, चालत असतं, घरातल्या मुलांशी ‘खेळत’ असतं. मग कधीतरी लक्षात येतं की पाठीवर हलकंच बोट दाबलं तर ती दबते, चालताना पोट जमिनीला घासतं, जबडा वाकडा वाटतो. तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो आणि कवचाला आलेला बाक पुढे पूर्ण सरळ होत नाही. (अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, तेवढ्यानं घाबरू नका. पण वाढत्या वयाबरोबर ते मऊ होत चाललं असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा.)

इथे घरोघरी असलेल्या एका वस्तूबद्दल सांगायलाच हवं. आपल्याकडे ६०,००० युनिटची ड-३ची पुडी किंवा गोळी औषधांच्या डब्यात पडलेली असते. ‘थोडीशी चाऱ्यावर भुरभुरू’ हा विचार मनात आणू नका. उन्हातून बनणारं ड-३ शरीर स्वतः आवरतं, जास्तीचं तिथेच कातडीत निकामी होतं. तोंडावाटे गेलेल्याला असा लगाम नाही. जास्त झालं तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा ठेवा, जास्वंदीची पानं, तुतीची पानं, गवत द्या. पालक रोज नको.

आता मुद्द्याचं. आपल्या देशात ऊन फुकट आहे आणि बाजारातल्या कुठल्याही दिव्यापेक्षा चांगलं आहे. बाल्कनी, गच्ची, अंगण यातलं काही असेल तर आधी ते वापरा. हातात मोबाईल आहेच. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा आकडा असतो, तो बघायची सवय लावा. हा आकडा ३ ते ५च्या आसपास असतो ती वेळ चांगली. उन्हाळ्यात साधारण नऊच्या पुढेमागे, हिवाळ्यात जरा उशिरा. बाळाला सकाळचं कोवळं ऊन दाखवतात तसं कासवालाही सातच्या उन्हात ठेवणारे बरेच आहेत. त्याला ऊब मिळते, बरंही वाटतं, पण सूर्य इतका खाली असताना यूव्हीबी फारच थोडं पोचतं. उलट एप्रिल-मे महिन्यात दुपारी हाच आकडा देशाच्या बऱ्याच भागांत १०च्या वर जातो. तेव्हा कासव आत.

बाहेर ठेवताना काचेची टाकी उचलून उन्हात ठेवू नका. तिच्यात काही मिनिटांत भट्टी होते आणि कासवाला घाम येत नाही. उघडं, रुंद घमेलं किंवा लाकडी चौकट घ्या, निम्म्या भागावर सावली करा, उथळ पाणी ठेवा. उन्हात पालथं पडलेलं कासव स्वतः सरळ होऊ शकलं नाही तर तिथेच मरतं, म्हणून कुणीतरी जवळ हवं. घारी आणि कावळेही लक्षात ठेवा. वरून जाळी लावायची तर मोठ्या भोकांची. बारीक जाळी यूव्हीबीचा बराच भाग खाऊन टाकते.

मग दिवे कुणाला हवेत? ज्यांच्या घरी नुसत्या खिडक्या आहेत त्यांना. मुंबई-कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर. दिल्ली, लखनौ, भोपाळकडे राहणाऱ्यांना हिवाळ्यात. सुलकाटा थंडीत झोपून काढणारं कासव नाही. ‘गप्प बसलंय, शीतनिद्रेत असेल’ म्हणून ज्याला सोडून दिलं जातं ते बहुतेक वेळा गारठलेलं असतं.

उबेसाठी महागडं काही लागत नाही, हे ऐकून बरं वाटेल. तारेचा जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन, ६० वा १०० वॅटचा, पुरतो. एलईडी नको, त्याच्यातून ऊब जवळजवळ येतच नाही. ६०चा बल्ब दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला साधारण २२ युनिट वीज जाते. बल्बखाली कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३८ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६-२८ असं हवं, म्हणजे त्याला हवं तेव्हा सरकता येतं. माशांच्या टाकीसाठी वायरवाला डिजिटल थर्मामीटर मिळतो, तसे दोन घ्या. हाताला ‘गरम लागतंय’ हे मोजमाप नव्हे. कोंबड्यांच्या पिलांसाठीचे मोठे लाल इन्फ्रारेड बल्ब स्वस्त मिळतात, पण लहान पेटीत त्यांची आच फार होते आणि लाल उजेड कासवाला रात्रीही दिसतो. खालून तापणारी गादीही टाळा. कासवाला वरून ऊब घ्यायची सवय, पोटाखालचा चटका त्याला वेळेत कळत नाही.

पैसे खर्च करायचे ते यूव्हीबीवर. इथेच सगळ्यात जास्त फसवणूक आहे. खोक्यावर कासवाचं चित्र, ‘यूव्हीए + यूव्हीबी’ अशी ठसठशीत अक्षरं आणि आत साधा तारेचा बल्ब, असा माल ऑनलाइन भरपूर मिळतो. अशा बल्बातून कामापुरतं यूव्हीबी येत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. मर्क्युरी व्हेपर हा मोठा, महाग बल्ब ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देतो, पण लहान पेटीत तो फार तापतो. डास मारायच्या यंत्रातला निळा दिवाही निरुपयोगी. आणि कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला जंतुनाशक यूव्ही दिवा तर सरळ धोक्याचा. त्यातून निघतं ते यूव्हीसी, ज्यानं कासवाचे आणि तुमच्याही मुलांचे डोळे भाजतात. ‘यूव्ही’ हे शब्द वाचून थांबू नका, पुढचं अक्षर वाचा.

घ्यायची ती सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची लांब टी-५ ट्यूब, मागे चकचकीत परावर्तक असलेली. काही हजारांचा खर्च येतो. लांब ट्यूबचा प्रकाश कासवाच्या अख्ख्या पाठीवर पसरतो. वळणावळणांच्या छोट्या बल्बाचा एवढ्याशा जागेत पडतो. ट्यूबवर ६, १२ असे टक्के असतात आणि कुठली किती उंचीवर लावायची याचा तक्ता खोक्यावर असतो. १२ टक्क्यांच्या टी-५साठी ही उंची पाठीपासून साधारण ३८ ते ४५ सेंटिमीटर असते. लावायची नेहमी वरून. बाजूनं लावली तर प्रकाश थेट डोळ्यांत जातो, कारण निसर्गात कासवाच्या भुवयांच्या कडेला फक्त वरचं ऊन अडवायचं असतं.

रात्री सगळे दिवे बंद. खोली २० अंशांच्या खाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, तोही चिनी मातीच्या होल्डरमध्येच आणि थर्मोस्टॅटसकट. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर गरम बल्ब लटकवून सगळे लग्नाला गेले, असं कधीही करू नका.

पिल्लू लहान असेल तर आणखी एक: बल्बच्या कोरड्या उष्णतेनं कवच सुकतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात वाढवली होती. कोरड्यात वाढलेल्यांच्या पाठीवर जास्त उंचवटे आले. लपायच्या जागेत ओलसर माती ठेवा आणि पिल्लाला रोज कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा.

ट्यूब बसवताच तिच्या टोकावर मार्करनं तारीख लिहा. तिच्यातलं यूव्हीबी उजेडाच्या कितीतरी आधी संपत जातं. ट्यूब लख्ख पेटत असते आणि कासवाला त्यातून काही मिळत नसतं. चांगल्या टी-५ ट्यूबला साधारण वर्ष, स्वस्तातल्या छोट्या बल्बाला सहा महिने. ती तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्येही टाकून ठेवा.